उतारावरच्या मिनी ट्रॅक्टरची जबाबदारी घ्या : एक खुले पत्र

प्रति,
मिनी ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या, त्यांचे खान्देशातले विक्रेते,
आणि यांत्रिकीकरणाच्या अनुदानाची मोका तपासणी करणारे कृषी अधिकारी

विषय : सातपुडा आणि अजिंठ्याच्या उतारांवर दिल्या जाणाऱ्या मिनी ट्रॅक्टरची चाकांची रुंदी, पुढचं वजन आणि रोप्स चौकट (ट्रॅक्टर उलटला तरी चालकाला वाचवणारी)

महोदय, महोदया,

रावेर-यावलच्या केळीत दोन ओळींमधून फिरता यावं म्हणून मिनी ट्रॅक्टरची चाकं जवळ घेतलेली असतात. तिथे ते बरोबरच आहे. जमीन सपाट, माती खोल, आणि काळजी एवढीच की घडाला धक्का लागू नये. पण तोच ट्रॅक्टर, त्याच रुंदीत, पुढे एकही वजन न लावता धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या बरडावर पोचवला जातो. शिरपूर-चोपड्याच्या उत्तरेला डोंगराला लागून असलेल्या मुरमाड तुकड्यांवर, साक्री-नवापूरच्या टेकड्यांवर, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे अजिंठ्याच्या उतारावरही तसाच जातो. शेत कसं आहे हे गिऱ्हाईकाला विचारलं जात नाही. चाकं किती बाहेर घेता येतात हे सांगितलं जात नाही. अनुदानाची मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन होणारी पाहणी, तर चेसिस नंबर, बिल आणि फोटो जुळले की संपते.

आम्ही याच पट्ट्यातले ट्रॅक्टरचालक, मिस्त्री आणि कोरडवाहू शेतकरी आहोत. त्या सीटवर आमच्या घरची माणसं बसतात. ट्रॅक्टर उलटला की ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. ताबा सुटण्याआधी तो ट्रॅक्टर कोणत्या रुंदीत उभा केला होता, त्याच्या पुढे किती वजन होतं, मागे काय टांगलं होतं आणि डोक्यावर काय बसवलं होतं, याची चौकशी कोणी करत नाही. ही चौकशी ट्रॅक्टर शेतात जाण्याआधी व्हावी, आणि ती तुम्ही करावी, म्हणून हे पत्र आम्ही सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

आमचं म्हणणं कळावं म्हणून आधी थोडं गणित मांडतो. आकडे एका ठरावीक मॉडेलचे नाहीत, पण या आकाराच्या ट्रॅक्टरला धरून आहेत. वजन 850 किलो, त्यातलं 340 किलो पुढच्या एक्सलवर. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर 150 सेंमी. मागच्या दोन टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 76 सेंमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून 58 सेंमी उंच.

ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, पण उलटताना त्याचा हिशोब तिवईसारखा असतो. पुढचा एक्सल मधोमध असलेल्या एका खिळीवर, म्हणजे सेंटर पिनवर, डोलतो. त्यामुळे ट्रॅक्टर कलायला लागला की सुरुवातीला पुढची चाकं त्याला धरत नाहीत. आधार राहतो तो मागच्या दोन टायरचा आणि पुढच्या सेंटर पिनचा. मागच्या टायरपासून सेंटर पिनकडे जाणारी तिरकी रेषा हीच उलटण्याची रेषा. सेंटर पिन जमिनीपासून 40 सेंमी उंच धरली, तर हा ट्रॅक्टर उभ्या जागी सुमारे 28 अंशांवर आडवा होतो. मागची रुंदी 76 ऐवजी 96 सेंमी केली की तोच आकडा सुमारे 34 अंशांवर जातो. म्हणजे एकही पैशाचं सामान न लावता, नुसती चाकं बाहेर घेऊन सहा अंश मिळतात.

28 अंश ऐकून कोणी म्हणेल, एवढा उतार शेतात असतोच कुठे? शेत 12 अंशांचंच असतं. उरलेले अंश दगड, चर आणि वेग भरून काढतात. वरच्या बाजूचं चाक 12 सेंमीच्या दगडावर चढलं की 76 सेंमी रुंदीचा ट्रॅक्टर आणखी 9 अंश कलतो. 96 सेंमीवर तोच दगड 7 अंशच देतो. खालचं चाक उन्हाळ्यात फाटलेल्या काळीच्या भेगेत किंवा जुन्या सरीत गेलं तरी हिशोब तोच. वळणाचं तर याहून वाईट. अडीच मीटरच्या वळणात ताशी 4 किमी वेगाने जाताना बाहेर फेकणारा जोर साधारण 3 अंश उताराइतका असतो, 8 किमीला तो 11 अंशांवर जातो. वेग दुप्पट, जोर चौपट. 12 अंशांचं शेत, 9 अंशांचा दगड आणि वर चढतं वळण एकत्र आलं की 28 कधी ओलांडले हे चालकाला कळायच्या आत ट्रॅक्टर पडलेला असतो.

आता तक्रारी.

पहिली रुंदीची. बहुतेक मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात रिम आणि मधली डिस्क वेगवेगळी असतात. डिस्क उलटी करून, रिमचे कान डिस्कच्या आत किंवा बाहेर घेऊन चार-पाच वेगळ्या रुंदी मिळतात. ही सोय तुम्हीच ठेवलेली आहे. मग डिलिव्हरीच्या दिवशी ती वापरून का देत नाही? शेतकऱ्याने नंतर मागितलं तर त्याला टपरीवरचा मिस्त्री शोधावा लागतो, आणि चुका तिथे होतात. डिस्कसकट अख्खं चाक जागेवरच उलटं केलं की टायरच्या नक्षीचा बाण उलटा होतो, पकड जाते आणि चिखल साफ होत नाही. अख्खं चाक उलटं करायचं असेल तर डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे जायला हवं. नट समोरासमोरचे, आडवे-उभे आवळायचे असतात, ते गोल फिरत आवळले जातात. पहिल्या तासाच्या कामानंतर आणि पुन्हा आठ-दहा तासांनी ते तपासायचे असतात, ते राहून जातं. नट सैल पडला की डिस्कची भोकं लांबट होतात आणि स्टड कापले जातात.

याहून धोक्याचे आहेत ते गॅरेजात प्लेट कापून, वेल्डिंग करून बनवलेले स्पेसर, म्हणजे चाक बाहेर घ्यायला हब आणि डिस्कच्या मध्ये घातलेल्या चकत्या. हबवर नीट न बसणारा स्पेसर सगळं वजन स्टडवर टाकतो. कंपनीचा, त्याच मॉडेलचा, हबच्या खाचेत बसणारा आणि लांब स्टडसह येणारा स्पेसर वेगळा. पण तो खान्देशातल्या दुकानात मागितला तर ‘मागवावा लागेल’ हेच उत्तर मिळतं. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला तर पुढचा-मागचा टायर ठरलेल्या मापाचाच लागतो, कारण दोन्ही एक्सलच्या फेऱ्यांचं प्रमाण गिअरमध्ये बांधलेलं असतं. रुंदी हवी म्हणून मागे भलत्याच मापाचा टायर घातला की पुढचा गिअरबॉक्स ताणला जातो. हेही कुणी समजावून सांगत नाही.

दुसरी तक्रार छताची, आणि इथे आम्हाला जास्त बोलायचं आहे. उन्हापासून आडोसा हवा, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक? मे महिन्यात खान्देशात उघड्या सीटवर बसवत नाही. पण अँगल आणि पत्र्याचं 60 किलोचं छत, जमिनीपासून 190 सेंमी उंचीवर, मडगार्डला बोल्ट मारून बसवलं की 58 सेंमीवरचा गुरुत्वमध्य जवळपास 67 सेंमीवर जातो. वरच्या गणितात 28 अंशांचा ट्रॅक्टर 24 वर येतो. चाकं फाकवून मिळवलेल्या सहापैकी चार अंश एका छतात जातात. आणि ट्रॅक्टर पडला तर ते छत पहिल्याच दणक्यात मडगार्डसकट दुमडतं. ते चालकाला वाचवत नाही, उलट अडकवतं. विक्रेत्याच्या आवारात हे छत ‘सेफ्टी’ म्हणून दाखवलं जातं, ही गोष्ट आम्हाला सहन होत नाही.

वाचवते ती रोप्स चौकट : मागच्या एक्सलच्या घराला बसवलेली, चाचणी झालेली, सीटच्या पट्ट्यासह. चौकट आणि पट्टा ही जोडी आहे. चौकट उभी असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, म्हणजे माणूस चौकटीच्या आतल्या जागेत राहतो. चौकट नसेल किंवा बागेत शिरताना खाली पाडलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही. चौकटीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, एकदा ट्रॅक्टर उलटला की ती चौकट बदलायची. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर ही चौकट सक्तीची केली आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखालचे मृत्यू तिथे झपाट्याने कमी झाले. आमच्याकडे आजही ती ‘पाहिजे असेल तर वेगळे पैसे’ या यादीत आहे. कोटेशनमध्ये म्युझिक सिस्टीम असते, रंगीत सीट असते. चौकट विचारली तर मॉडेलला येत नाही म्हणतात.

तिसरी तक्रार मागे टांगलेल्या वजनाची. लिफ्ट 750 किलो उचलते, हे प्रत्येक जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. लिफ्ट उचलेल, पण पुढची चाकं जमिनीवर राहतील का? आम्ही धरतो तो हिशोब असा की औजार उचललेलं असतानाही एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या एक्सलवर हवा. 400 लिटरची फवारणी टाकी भरली की सांगाड्यासह 500 किलो झाले. हे वजन मागच्या एक्सलच्या 80 सेंमी मागे लटकतं. ते पुढच्या एक्सलवरून सुमारे 267 किलो उचलून घेतं. 340 मधले उरले 73 किलो, आणि एकूण वजन झालं 1350. पाचवा हिस्सा सोडा, विसावा जेमतेम. अशा ट्रॅक्टरला चढावर स्टिअरिंग लागत नाही आणि क्लच झटक्यात सोडला की पुढची चाकं हवेत जातात. हे भरून काढायला एक्सलच्या अर्धा मीटर पुढे जवळपास 175 किलो वजन लावावं लागेल, जे या ट्रॅक्टरच्या बंपरला पेलणारच नाही. तेच 200 लिटरची टाकी घेतली, सांगाड्यासह 260 किलो, तर पुढे 20 किलोची एक प्लेट पुरते. उतारावरच्या शेतकऱ्याला 400 लिटरची टाकी विकणं चूक आहे, आणि चूक किती आहे हे असं कागदावर दाखवता येतं. टाकीत आडवे पडदे आहेत का, हेही बघा. अर्धी भरलेली टाकी पडद्यांशिवाय असेल तर वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि नको त्या क्षणी वजन खालच्या चाकावर टाकतं.

टायरमध्ये पाणी भरण्याबद्दल एक गैरसमज तुमच्याच विक्री प्रतिनिधींकडून पसरतो, म्हणून तोही इथे मांडतो. ‘पाणी भरा, उलटणार नाही,’ असं सांगितलं जातं. 8.3-20 च्या एका टायरमध्ये साधारण 55 लिटर पाणी बसतं. दोन्ही मिळून 110 किलो. याने पकड नक्की वाढते, मागचं चाक कमी घसरतं. पण उलटण्याचा कोन वरच्या हिशोबात फक्त दोनेक अंशांनी सुधारतो. रुंदीचे सहा, पाण्याचे दोन. म्हणून आधी रुंदी, मग पुढचं वजन, मग पाणी, हा क्रम हवा. आणि भरायचं तर नीट भरा : सपाट जागी जॅक लावून, खाली ठोकळा देऊन, चाक फिरवून नोझल बरोबर वर आणा. सुई काढा, हवा बाहेर पडू देत पाणी सोडा, पाणी नोझलशी आलं की थांबा. टायर तीन चतुर्थांश भरलेला असतो. वरची हवेची जागा राहिलीच पाहिजे, गच्च भरलेला टायर दगडावर दबत नाही आणि फुटतो. मग सुई लावून मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबापर्यंत हवा भरा. दोन्ही बाजूंना सारखं. फक्त वरच्या बाजूच्या चाकात पाणी भरणारेही आहेत. शेताच्या टोकाला वळून परत आलं की तेच चाक खालच्या बाजूला येतं. ट्यूबलेस टायर असेल तर साधं पाणी रिम गंजवतं. दाब कमी ठेवून पकड वाढवायची सवय तर उतारावर घातकच, कारण खालचा टायर बाजूने चेपतो आणि ट्रॅक्टर आणखी कलतो.

चौथी तक्रार कृषी अधिकाऱ्यांकडे. माती वाहू नये म्हणून उताराला आडवी मशागत करा, आडवी पेरणी करा, हा तुमचा सल्ला आहे आणि तो खरा आहे. बरडावरची वीतभर माती पावसाबरोबर तापीत गेली तर शेतच राहत नाही. पण आडवं चालणं हीच ट्रॅक्टरची सगळ्यांत कच्ची बाजू आहे. ज्या शेतकऱ्याला तुम्ही आडवी मशागत सांगता, त्यालाच तुम्ही अरुंद ट्रॅक्टरला अनुदान देता, आणि या दोन गोष्टी कुठे जुळतात हे एकाही पत्रकात लिहीत नाही. किती उतारापर्यंत ट्रॅक्टरने आडवं जायचं आणि कुठून पुढे बैलानेच वखर-पांभर चालवायची, ही रेघ कोणीतरी आखायला हवी.

आम्ही आमच्यापुरती आखली आहे. एक मीटरची सरळ काठी उतारावर खाली-वर धरा, पाणसळीने सपाट करा, खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत मोजा. 14 सेंमी आले तर उतार 8 अंश, 21 आले तर 12 अंश, 27 आले तर 15. अरुंद ट्रॅक्टर आडवा चालवायचा तो 14 सेंमीपर्यंत. चाकं फाकवलेली, पुढे वजन, डोक्यावर छत नाही आणि जमीन कोरडी असेल तर 21 पर्यंत. त्यापुढे बैल. मुरमाच्या गोल खड्यांवर किंवा ओल्या काळीवर यातलंही काही धरायचं नाही, कारण तिथे ट्रॅक्टर आधी बाजूने घसरतो आणि मग बांधाला किंवा दगडाला अडून उलटतो. ही आमची, कामातून आलेली रेघ आहे. तुमच्याकडे अभियंते आहेत, चाचणी केंद्रं आहेत. तुम्ही मोजून आखा, आम्ही ती पाळू.

आडव्या मशागतीतही ट्रॅक्टर सपाटीच्या जवळ ठेवायची एक पद्धत आहे, ती तुमच्या प्रात्यक्षिकांत कधी दिसत नाही. पलटी नांगराने वरच्या बांधापासून सुरुवात करून खाली खाली यायचं, आणि प्रत्येक फेरीत माती वरच्या बाजूला टाकायची. असं केलं की तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या घळीत, चालणारं चाक नेहमी वरच्या बाजूचं असतं. तास 15 सेंमी खोल असेल तर वरचं चाक तेवढं खाली बसतं आणि ट्रॅक्टरचा कल कमी होतो. शिवाय माती वर चढते. ताकद जास्त लागते, म्हणून मिनी ट्रॅक्टरला एका फाळाचाच नांगर लावायचा आणि खोली आवरती ठेवायची. साध्या एकतर्फी नांगराने परतीच्या फेरीत तेच चाक खालच्या बाजूच्या तासात उतरतं, आणि 8 अंशांचं शेत दुप्पट होऊन बसतं. उतारावरच्या शेतकऱ्याने अनुदानातून नांगर मागितला तर त्याला हे कोण सांगतं?

चराबद्दलही तुम्हीच सांगायला हवं, कारण पाणलोटाची कामं तुमची. सलग समतल चर खणले, ते गवताने झाकले गेले, आणि कडेने ट्रॅक्टर गेला की काठ ढासळतो. चर जितका खोल, निदान तितकं अंतर काठापासून सोडायचं, पावसाळ्यात दीडपट. काठावर दगडाला चुना लावून खूण करायला फारसा खर्च येत नाही.

पाचवी तक्रार चालवण्याच्या माहितीची. माहितीपुस्तिका मिळते ती बहुतेक वेळा इंग्रजीत. त्यातलं उतारावरचं पान सातपुड्यातल्या चालकापर्यंत पोचत नाही. चढ तीव्र असेल आणि मागे औजार नसेल तर रिव्हर्समध्ये चढायचं. चढाचा गिअर तोच उताराचा गिअर, आणि तो उतार लागण्याआधी टाकायचा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं जोडणारी कडी लावूनच उतरायचं, एकाच पायाखाली एकच ब्रेक आला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. टू व्हील ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, उतरताना तीच चाकं हलकी होतात. फोर व्हील असेल तर उतरताना ती टाकलेलीच हवी, म्हणजे इंजिन चारही चाकांना धरतं. टोकाला वळताना शक्यतो उताराच्या बाजूला वळायचं, वर वळलं की वळणाचा जोर आणि उतार एकाच दिशेने ढकलतात. ट्रॉली जोडायची ती ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीलाच. टॉप लिंकच्या कानाला किंवा एक्सलच्या वर साखळी बांधून ओढलं की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि मागे उलटायला दीड सेकंद पुरतो. त्यातला अर्धा वेळ गेला की परतीचा मार्ग नसतो, पाय क्लचपर्यंत पोचत नाही. आणि ब्रेक नसलेली, ट्रॅक्टरच्या दुप्पट वजनाची ट्रॉली घाटात त्याला मागून ढकलते, तेव्हा चालकाच्या हातात काहीच नसतं. औजार धरणाऱ्या लिंकच्या साखळ्या ढिल्या ठेवल्या तर औजार उताराकडे झुलतं, तेवढंच वजन खालच्या चाकावर जातं. त्या आवळून घ्यायच्या. मडगार्डवर दुसरं माणूस बसवायचं नाही.

हे सगळं एका तासात, एका उतारावर उभं राहून शिकवता येतं. डिलिव्हरीच्या दिवशी मात्र नारळ फोडून, हार घालून फोटो काढला जातो आणि किल्ली हातात दिली जाते.

आमच्या मागण्या अशा.

1. कोटेशन देतानाच शेताचा उतार विचारा आणि तो बिलावर लिहा. उतारावरच्या गिऱ्हाईकाला मागची चाकं त्या मॉडेलच्या सर्वांत जास्त रुंदीत बसवून, नट टॉर्क पान्याने आवळून द्या. पहिल्या सर्व्हिसला ते पुन्हा तपासल्याची सही द्या.

2. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात वजन, त्याची दोन एक्सलवरची विभागणी, चाकांची रुंदी आणि गुरुत्वमध्य हे आकडे मोजलेले असतात. अनुदानासाठी चाचणी अहवाल लागतोच. त्यातले आकडे मराठीत एका पत्र्यावर छापून मडगार्डला लावा : कमीत कमी व जास्तीत जास्त रुंदी, मागे टांगायचं जास्तीत जास्त वजन, त्यासाठी पुढे लागणाऱ्या प्लेटा, आणि आडवं चालायची उताराची मर्यादा.

3. रोप्स चौकट आणि पट्टा ट्रॅक्टरच्या किमतीतच धरा. अनुदानही त्या किमतीवर द्या. पत्र्याच्या छताला ‘सेफ्टी’ म्हणून विकणं बंद करा. सावली हवी असणाऱ्यांसाठी चौकटीवर बसणारं हलकं कापडी छत द्या.

4. पुढच्या प्लेटा आणि कंपनीचे स्पेसर नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांच्या दुकानांत ठेवा.

5. मोका तपासणीच्या नमुन्यात चार रकाने वाढवा : मागच्या चाकांची मोजलेली रुंदी, पुढचं वजन, चौकट-पट्टा आहे का, शेताचा उतार. अधिकाऱ्याने सोबत टेप आणि काठी न्यावी. ही मोजणी पाच मिनिटांची आहे.

6. आडव्या मशागतीच्या प्रत्येक पत्रकात ट्रॅक्टरच्या उताराची मर्यादा छापा. त्या मर्यादेपुढच्या शेतकऱ्याला बैलजोडीच्या औजारांवर अनुदान द्या. मिनी ट्रॅक्टर नको म्हणणारा शेतकरी मागास ठरू नये.

7. येत्या खरिपाच्या आधी नंदुरबार, धुळे आणि पाल इथल्या कृषी विज्ञान केंद्रांनी खऱ्या उतारावर प्रात्यक्षिक घ्यावं. सपाट मैदानावरचं नको. मराठीसोबत पावरी, भिली, अहिराणी बोलणारा माणूस तिथे असावा. प्रात्यक्षिकासाठी उताराची शेतं, ट्रॅक्टर आणि मिस्त्री आम्ही देतो. तुम्ही तुमचे अभियंते आणि चाचणी अहवाल घेऊन या.

या मागण्यांपैकी कोणती मान्य आणि कोणती नाही, हे मे महिना संपायच्या आत लेखी कळवा. अमान्य असेल तर कारण आकड्यांसह द्या. वरचं गणित कुठे चुकलं असेल तर तेही दाखवा, आम्ही ते दुरुस्त करून याच पद्धतीने सगळ्यांसमोर मांडू. पहिल्या पावसानंतर वखरणीला ट्रॅक्टर उतारावर जाणारच आहेत, त्याआधी चाकं फाकवून घ्यायला वेळ हवा.

आपले,
सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या पायथ्याचे ट्रॅक्टरचालक, मिस्त्री व शेतकरी
खान्देश